के-नेलमधला ‘के’

मागच्या स्नेहसंमेलनात जेवणं आटोपल्यावर आपल्या वर्गातल्या एकानं मला पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गुडघ्याच्या वाटीखालचा दोन इंचांचा व्रण दाखवला. त्याच्या खाली, नडगीच्या मध्यावर, दुसरा चांगला तळहाताएवढा व्रण. मोटारसायकलचा अपघात, हाड कातडी फाडून बाहेर आलेलं, त्यात रस्त्याची माती. चार ऑपरेशनं झाली आणि दहा महिने घरात गेले. आता गडी चालतो, सायकल मारतो, वारीतले दोन टप्पेही चालून आला आहे. तो कोण, हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्यानं मला विचारलं की हाडाच्या आत लोखंडी गज घालावा, हे मुळात सुचलं कुणाला? मी नाव सांगितलं. त्याला ते उच्चारता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझा उच्चारही जर्मन माणसाला हसू आणणाराच असेल. पंगतीला हाक आली आणि गप्पा तिथेच राहिल्या.

स्मरणिकेसाठी संपादक मंडळानं लेख मागितला, तेव्हा तो अर्धवट राहिलेला प्रश्न आठवला. आपल्यापैकी निदान चार-पाच जणांच्या अंगात असा गज आहे, आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीत तर घरटी एक निघेल. ज्या माणसामुळे हे शक्य झालं त्याची हकीकत आपल्या माणसांना माहीत असावी, एवढंच या लेखाचं कारण.

गेरहार्ड क्युंटशर यांचा जन्म ६ डिसेंबर १९०० रोजी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, त्सविकाऊ या गावी झाला. वैद्यकीय शिक्षण वुर्झबुर्ग, हॅम्बुर्ग आणि येना या तीन विद्यापीठांत झालं. १९३० साली ते बाल्टिक समुद्राकाठच्या कील शहरात विद्यापीठाच्या शल्यचिकित्सा रुग्णालयात दाखल झाले. कील म्हणजे जहाजबांधणीचं गाव. गोदी, क्रेन, पोलादाचे पत्रे आणि उंचावरून पडणारे कामगार. हाडांच्या डॉक्टरला काम कमी पडणार नाही अशी जागा.

क्युंटशर यांचा पहिला ओढा मात्र रुग्णांपेक्षा हाडाच्या यंत्रशास्त्राकडे होता. उभं राहिल्यावर, चालताना, वाकताना हाडातून भार नेमका कुठून वाहतो, हा त्यांचा प्रश्न. त्या काळी इंजिनिअर लोक यंत्रांच्या भागांवर एक ठिसूळ लाखेसारखा लेप लावून त्यावर भार द्यायचे. जिथे ताण जास्त तिथे लेपाला बारीक चिरा पडत. क्युंटशर यांनी तोच लेप हाडांवर लावला आणि चिरांच्या रेषांवरून हाडातल्या भाराचा नकाशा काढला. प्राध्यापकीसाठी लागणारा प्रबंध त्यांनी याच विषयावर लिहिला. आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांना हा माणूस आवडला असता. हाडाकडे त्यांनी सुताराच्या किंवा लोहाराच्या नजरेनं पाहिलं, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या नजरेतूनच निघालं.

त्या वेळी मांडीचं हाड मोडलं तर काय करत, हे आधी सांगायला हवं. गुडघ्याजवळ हाडातून आडवी पिन घालायची, तिला दोरी बांधायची, दोरी कप्पीवरून नेऊन टोकाला वजन टांगायचं आणि माणसाला दोन-तीन महिने खाटेवर पाठीवर झोपवून ठेवायचं. व्हिएन्नाच्या लोरेन्झ ब्योलर यांनी या पद्धतीला अत्यंत काटेकोर शिस्त लावली होती आणि साऱ्या युरोपात त्यांचा शब्द चालत होता. शिस्तीत केलं तर हाड जुळायचंही. पण तोवर गुडघा आखडून बसायचा, मांडीचे स्नायू वाळायचे, पाठीला जखमा व्हायच्या, म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनिया गाठायचा. आणि हातावर पोट असणाऱ्या घरातला कर्ता तीन महिने खाटेवर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

हाडाच्या आत काहीतरी घालून ते सांधायचे प्रयत्न आधी झाले नव्हते असं नाही. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताच्या खुंट्या वापरून पाहिल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या हे ग्रोव्हज यांनी गोळी लागून मोडलेल्या मांडीच्या हाडात धातूचे गज घातले, पण जंतुसंसर्गानं घात केला. पुढे बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी खुब्याच्या मानेच्या अस्थिभंगासाठी तीन पात्यांचा खिळा काढला आणि तो चांगला चालला. क्युंटशर यांना त्यावरून सुचलं की खुब्याच्या वीतभर मानेत जे जमतं ते संपूर्ण हाडाच्या लांबीत का जमू नये? लांब हाड आतून पोकळ असतं आणि त्या पोकळीत मज्जा असते. पोकळी आयती आहे, मग गज तिथूनच जाऊ दे.

इथे त्यांचं लोहारी डोकं कामी आलं. लाकडात खिळा ठोकला की लाकूड दबतं आणि खिळ्याला आवळून धरतं. हाड इतकं दबत नाही. मग दबायचं काम खिळ्यानं करायला हवं. त्यासाठी त्यांनी भरीव गजाऐवजी आधी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या छेदाचा आणि पुढे तिपानी गवताच्या पानासारख्या छेदाचा, एका बाजूला लांबभर चीर असलेला पोकळ खिळा केला. ठोकताना चीर मिटते, आत गेल्यावर खिळा पसरू पाहतो आणि हाडाच्या आतल्या भिंतीला घट्ट बसतो. न गंजणाऱ्या पोलादाचे हे खिळे कीलमधले उपकरणकार एर्न्स्ट पोल यांनी बनवून दिले. पोल हे कुशल कारागीर. पुढे खुब्यासाठी सरकणाऱ्या स्क्रूची जी पट्टी निघाली, तिच्या जन्मातही त्यांचा हात होता. आज घसरून पडलेल्या आजीला डॉक्टर जी ‘डी. एच. एस.’ घालतात, ती त्याच कुळातली. वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टरांची नावं राहतात आणि लोहारांची पुसली जातात, म्हणून हे नाव मुद्दाम लिहिलं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खिळा आत घालायचा तो मोडलेल्या जागेपासून दूरवरून. मांडीच्या बाबतीत वर, खुब्याच्या उंचवट्यापाशी लहानशी चीर द्यायची, तिथून पोकळीत तार सरकवायची, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत ती मोडलेल्या जागेतून पलीकडच्या तुकड्यात न्यायची आणि तारेवरून खिळा हातोडीनं ठोकत उतरवायचा. मोडलेली जागा उघडायचीच नाही. तिथे साकळलेलं रक्त, हाडावरचं आवरण, भोवतीचे स्नायू, हे सगळं म्हणजे निसर्गानं मांडलेली दुरुस्तीची सामग्री. ती उधळायची नाही, आणि बाहेरचे जंतूही तिथवर पोचू द्यायचे नाहीत.

आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले. मग नोव्हेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होऊन दोन महिने झाले असताना, गोदीतला एक कामगार मांडीचं हाड खुब्याच्या थोडं खाली मोडून आला, आणि क्युंटशर यांनी माणसाच्या हाडात पहिला खिळा घातला. मार्च १९४० मध्ये बर्लिनला जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी आपले रुग्ण मांडले. स्वागत कसलं, झोडपलंच त्यांना. मज्जा हे रक्त तयार करणारं इंद्रिय, त्यात एवढा मोठा लोखंडी खिळा ठोकायचा म्हणजे मज्जेचा नाश आणि तिच्यातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसांत अडकायची भीती. हे आक्षेप मूर्खपणाचे नव्हते. चरबी फुप्फुसांत अडकण्याची भीती आजही आम्ही प्रत्येक वेळी मनात ठेवतो. त्यांचे कीलमधले वरिष्ठ फिशर मात्र त्यांच्या मागे उभे राहिले. हाताखालच्या माणसाच्या विचित्र कल्पनेसाठी भर सभेत उभं राहणारा वरिष्ठ किती जणांना मिळतो?

आता लेखातला अवघड भाग. क्युंटशर नाझी पक्षाचे सदस्य होते. आमच्या पाठ्यपुस्तकांत खिळ्याचं चित्र असतं, हे वाक्य नसतं. त्या काळी जर्मन डॉक्टर फार मोठ्या संख्येनं पक्षात गेले, बढतीसाठी गेले, काही मनापासून गेले. पण सगळेच गेले म्हणून एकाचा हिशेब मिटत नाही. ज्या राजवटीनं त्यांच्या ज्यू व्यवसायबंधूंना रुग्णालयांतून हाकललं, त्या राजवटीत ते वर चढले. १९४२ मध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळालं. हे लिहिल्याशिवाय त्यांचं चरित्र लिहिणं मला अप्रामाणिक वाटलं असतं. लिहून झाल्यावरही खिळ्याचा उपयोग कमी होत नाही आणि माणसाचं ओझंही कमी होत नाही. दोन्ही तसंच ठेवून पुढे जातो.

युद्धात ते लष्करी डॉक्टर होते. उत्तर फिनलंडमधल्या केमी इथल्या जर्मन लष्करी रुग्णालयात त्यांनी काम केलं आणि तिथे फिनलंडचे शल्यविशारद ही पद्धत त्यांच्याकडूनच शिकले. बाकीच्या जगाला मात्र पत्ता नव्हता. शत्रुराष्ट्रांमध्ये वैद्यकीय नियतकालिकांची देवाणघेवाण थांबलेली. मग जर्मनांच्या कैदेत पडलेले इंग्लिश-अमेरिकन सैनिक परत येऊ लागले. एखाद्याची मांडी कैदेत असताना मोडलेली असायची, आणि हा गडी चालत यायचा. डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो काढला तर हाडाच्या आत वरपासून खालपर्यंत धातूचा गज. कुणी कैद्यांवर भलता प्रयोग केला की काय, असा पहिला संशय येणं साहजिक होतं. मार्च १९४५ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानं या अजब मांडीची बातमी छापली. शोधनिबंधाऐवजी सैनिकांच्या पायांतून परदेशी पोचलेला हा शोध. त्याच वर्षी क्युंटशर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड मात्स यांचं या तंत्रावरचं पुस्तक जर्मनीत निघालं.

युद्धानंतर ते श्लेस्विग या लहान गावातल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथे दहा-अकरा वर्षं राहिले. विद्यापीठातलं मुख्य अध्यासन त्यांना कधीच मिळालं नाही. सुरुवातीला या पद्धतीनं भारावलेले ब्योलर यांनी नंतर हात आखडता घेतला, कारण जो तो उठून खिळे ठोकू लागला होता. चुकीच्या हाडात, चुकीच्या मापाचे, निर्जंतुकतेची पुरेशी काळजी न घेता. पू झाला, खिळे अडकले, हाडं फुटली, आणि बोल पद्धतीला लागला.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण आम्हीही तेच केलं. आम्ही शिकत होतो तेव्हा वॉर्डात या खिळ्याला ‘के-नेल’ म्हणायचे. के म्हणजे काय, हे मला पहिलं वर्षभर माहीत नव्हतं. ऑपरेशन चालू असताना क्ष-किरणांचं चित्र दाखवणारं सी-आर्म यंत्र तेव्हा मोजक्या ठिकाणी असायचं. ते नसलं की मोडलेली जागा सरळ उघडायची, खिळा मोडलेल्या तोंडातून वरच्या तुकड्यात घालून कुल्ल्यातून बाहेर काढायचा, हाड जुळवायचं आणि मग वरून उलटा खाली ठोकायचा. हजारो माणसं अशी पायांवर उभी राहिली, हे खरं. पण शोधकर्त्यानं जी एक गोष्ट करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकी तीच आम्ही करत होतो आणि वर त्याच्याच नावानं त्याला ओळखत होतो. माझ्या हातून अशाच एका मांडीत पू झाला. तो तरुण हमाली करायचा. दीड वर्ष तो ड्रेसिंगला येत राहिला, कधी तक्रार केली नाही, आणि त्याची ती मुकाट रांग मला अजून दिसते.

मांडीपेक्षा नडगी अवघड. आपल्या मित्राचं दुखणं तेच. आपल्या पायावरून पुढून हात फिरवून पाहा, नडगीची आतली बाजू थेट कातडीखाली आहे, मध्ये स्नायूच नाही. म्हणून हाड मोडलं की टोक सहज बाहेर येतं. शिवाय या हाडाला मुळात रक्तपुरवठा बेताचा. मोडताना आतली रक्तवाहिनी तुटते, बाहेरचं आवरण खरवडून निघतं आणि वर जखमेत माती. मांडीसाठी केलेला सरळ खिळा इथे जातही नाही, कारण गुडघ्याच्या वाटीखालून, पुढच्या बाजूनं तो आत घालावा लागतो. हेर्झोग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९५०च्या सुमारास खिळ्याला वरच्या टोकाशी बाक दिला, तेव्हा नडगीचा मार्ग मोकळा झाला. आपल्या मित्राच्या पायातला गजही वरून तसाच वाकलेला आहे.

क्युंटशर स्वतः थांबले नव्हते. पोकळी मध्येच अरुंद असते, त्यामुळे खिळा बारीक घ्यावा लागतो आणि बारीक खिळा वाकतो. त्यांनी पोकळी आतून रीमरनं घासून रुंद करायची आणि जाड खिळा बसवायचा अशी रीत रुजवली. बंद अस्थिभंगात ती उत्तम ठरली. उघड्या नडगीत मात्र तीच रीत भीतीदायक वाटली. बाहेरचा रक्तपुरवठा अपघातानं गेलेला, आतला उरलासुरला रीमरनं घालवायचा, आणि जंतू तर आधीच आत. म्हणून बरीच वर्षं अशा पायाला बाहेरून सळयांची चौकट लावत. हाडात पिना आणि पायाबाहेर सांगाडा. पिनांच्या भोकांतून पू यायचा आणि हाड बऱ्याचदा वाकडं जुळायचं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या गस्टिलो आणि अँडरसन यांनी उघड्या अस्थिभंगांची जखमेच्या गांभीर्यानुसार वर्गवारी मांडली, तेव्हा कुठल्या पायात काय करावं याचं बोलणं तरी एका भाषेत होऊ लागलं. पुढे रीमर न फिरवता घालायचे बारीक खिळे आले. २००८ मध्ये बाराशेहून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बंद अस्थिभंगात रीमर वापरलेले बरे ठरले आणि उघड्यात दोन्ही पद्धतींत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे इतक्या वर्षांची भीती निम्मीच खरी होती. जखम स्वच्छ धुणं, मेलेला भाग निर्दयपणे काढणं, प्रतिजैविकं लवकर देणं आणि पोटरीचा स्नायू फिरवून उघडं हाड वेळेत झाकणं, यांवर पाय वाचणं जास्त अवलंबून असतं. मित्राच्या नडगीवरचा तळहाताएवढा व्रण आहे तो हाच फिरवलेला स्नायू, वर मांडीची कातडी लावलेला.

१९५७ साली क्युंटशर हॅम्बुर्गच्या बंदर रुग्णालयाचे प्रमुख झाले. पुन्हा गोदी, पुन्हा खलाशी आणि हमाल. १९६५ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथे होते. पण याच सुमारास त्यांचं म्हणणं पुन्हा मागे पडू लागलं. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन ‘ए. ओ.’ नावाचा गट स्थापला. त्यांचा भर हाड उघडून, तुकडे अचूक जुळवून, पट्टी आणि स्क्रूनं गच्च आवळण्यावर होता. तिथे हाडाभोवती नव्या हाडाची गाठ दिसली तर ती हयगयीची खूण मानली जायची. क्युंटशर यांच्या मते ती गाठ म्हणजेच हाड जुळण्याची खरी ताकद होती. तिच्यावर त्यांनी १९७० मध्ये वेगळं पुस्तकच लिहिलं. सुंदर फोटो पट्टीवाल्यांचे असायचे, परिषदा पट्टीवाल्यांच्या भरायच्या. आज मांडीच्या आणि नडगीच्या मधल्या भागाला जगभर बहुतेक वेळा खिळाच घालतात, तोही मोडलेली जागा न उघडता.

एक उणीव मात्र खिळ्यात होतीच. हाडाचा चुरा झाला असेल तर साध्या खिळ्याभोवती हाड फिरतं आणि आखूड होतं. १९६८ मध्ये क्युंटशर यांनी दोन्ही टोकांना हाडातून आडवं अडकवता येईल असा खिळा मांडला. १९७२ मध्ये क्लेम आणि शेलमान यांनी त्यावरून आडव्या स्क्रूंचा खिळा तयार केला, आणि आज आपण ज्याला ‘इंटरलॉकिंग’ म्हणतो तो त्याचाच वंशज.

माणूस म्हणून क्युंटशर एकटे होते. लग्न केलं नाही. पोहण्याचं वेड, थंडीतही पाण्यात उतरायचे, आणि थट्टामस्करीची भारी हौस. निवृत्तीनंतरही फ्लेन्सबुर्गच्या रुग्णालयात ऑपरेशनं करत राहिले. वयाची बहात्तर वर्षं पूर्ण झाल्यावर अकराव्या दिवशी, १७ डिसेंबर १९७२ रोजी, ग्ल्युक्सबुर्ग इथे त्यांचं निधन झालं. त्या वेळी ते टेबलाशी बसून आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं हस्तलिखित तपासत होते.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तू दुसरंही विचारलं होतंस, की घोट्याजवळचा स्क्रू थंडीत बोचतो, तो काढावा का. हाड पूर्ण जुळलं असेल तर तो एकटा काढता येतो, गजाला हात लावायची गरज नाही. यंदा संमेलनाला येताना जुने सगळे एक्स-रे पिशवीत घालून आण, जेवणाआधी उजेडात बघू.